व्हॅनगार्डचं पंपाचं इंजिन टीआर२ च्या रेप्लिकात घालू का?

कातळावरचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी सल्ला कसा देता येणार.

गेली दोन वर्षं मी आमच्या वाडीतल्या शेडमध्ये ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीच्या जुन्या टीआर२ सारखी दोन सीटची उघडी गाडी बनवतोय. चासी बॉक्स पाईपची, लोटे एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे वेल्ड करून घेतली. मागचा अ‍ॅक्सल अँबॅसडरचा. बॉडी फायबरची आणि ती करतोय आमच्या गावचा फायबरच्या होड्या बनवणारा माणूस, त्याने स्पोर्ट्स कार कधी जवळून बघितलेली नाही, मी फोटो आणि मापं दिली, त्याने प्लायचे साचे कापले आणि ते पुढचं खोल गेलेलं तोंड आणि कोपरापाशी खाली उतरलेला दरवाजाचा कट असा काढला की मी बघतच राहिलो. तो म्हणतो, होडीची नाळ काढता आली की बाकी सगळं येतं.

आता इंजिन. आमच्या आजोबांनी सुपारीला पाणी द्यायला मुंबईहून मोडीतलं एक गाडीचं इंजिन आणलं होतं आणि ते विहिरीवर पंपाला जोडलं होतं. वीज आली, मोटर बसली, तेव्हापासून ते पंपाच्या खोपीत गोणपाटाखाली पडून. मी लहानपणापासून ते 'आजोबांचं इंजिन' म्हणूनच ओळखतो. मागच्या दिवाळीत एका जुन्या गाड्यांवाल्याला फोटो पाठवले तर तो म्हणाला अरे हे स्टँडर्ड व्हॅनगार्डचं आहे, २०८८ सीसी. मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात व्हॅनगार्ड जुळवल्या जायच्या त्यातलंच कुठलंतरी असणार.

त्या रात्री मी झोपलो नाही, कारण टीआर२ चं इंजिन म्हणजे व्हॅनगार्डचंच इंजिन! १९५३ ला ट्रायम्फने तेच घेतलं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५ चा ८३ मिमी केला म्हणजे १९९१ सीसी होऊन दोन लिटरच्या क्लासमध्ये बसेल, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९२ तोच ठेवला, दोन एसयू कार्बोरेटर लावले, कॉम्प्रेशन वाढवलं आणि ६८ चे ९० हॉर्सपॉवर केले. मॉर्गनने तर त्याच्याही आधी, १९५० ला, प्लस फोरमध्ये व्हॅनगार्डचं इंजिन जसंच्या तसं घातलं होतं. म्हणजे मी टीआर२ ची नक्कल करतोय आणि तिचं खरं इंजिन माझ्याच वाडीत माझ्या जन्माच्या आधीपासून पडलंय.

पण ज्याला विचारतो तो नको म्हणतो. एक म्हणतो कॉन्टेसाचं इसुझू टाक, दुसरा अँबॅसडरचं १४८९ टाक, तिसरा सरळ स्विफ्टचं टाक म्हणाला. मला कळतं की चालणारी गाडी पाहिजे. पण बॉनेट उघडल्यावर आत काय आहे याला माझ्या लेखी किंमत आहे.

सध्याची परिस्थिती: इंजिन पूर्ण जाम नाही, फ्लायव्हील पट्टीने अर्धा इंच हलतं. गिअरबॉक्स नाहीच. वेलदूरच्या जेट्टीवर मासळीच्या काट्यावर नेऊन वजन केलं, स्टार्टर डायनॅमोसकट दोनशे किलोच्या थोडं वर भरलं. पार्ट इथे कोणाकडेच नाहीत. घालू का? आणि घालायचं तर आधी काय बघू?

---

दादर_ते_दापोली

धागा वाचून मस्त वाटलं, होडीवाल्याला माझा नमस्कार सांग. पण माझं मत नको असंच आहे आणि का ते सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस.

मी एमजीए या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर एक गाडी केलीय, त्यात आधी अँबॅसडरचं १४८९ पेट्रोल घातलं होतं. तेही तुझ्यासारखंच नात्यातलं इंजिन आहे, बीएमसीची बी सिरीज, १९५५ च्या एमजीएत हेच १४८९ दोन एसयू लावून होतं. म्हणजे 'खरं इंजिन' पाहिजे हा हट्ट मला समजतो, मीही केला होता. आणि त्याच्यासाठी पार्ट मिळतात. ऑपेरा हाऊसला, पुण्यात नाना पेठेत जा, शेल, रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट सेट, दुकानदार नाव सांगायच्या आत काढून ठेवतो. तरीसुद्धा दोन पावसाळ्यांनंतर मी ते काढून इसुझू १.८ घातलं. १८१७ सीसी, ७५ हॉर्सपॉवर, फ्लोअर शिफ्टचा पाच गिअरचा बॉक्स तयार मिळतो, हायवेवर पाचवा टाकला की गाडी शांत होते. माझी बायको आधी खेडच्या पुढे यायला तयार नसायची, मग हरिहरेश्वरपर्यंत यायला लागली.

व्हॅनगार्डची अडचण बघ. क्रँकला मेन बेअरिंग तीनच. स्ट्रोक ९२ मिमी, म्हणजे जोरात फिरवायचं इंजिन नव्हे. मागचं ऑईल सील म्हणजे आजच्यासारखं रबरी सील नसून क्रँकवर कापलेली आट्यांची खाच, ती फिरताना तेल परत आत ढकलते, पण बंद केल्यावर थेंब पडणारच. मूळ गिअरबॉक्स तीन गिअरचा आणि स्टिअरिंगवरून बदलायचा, तोही तुझ्याकडे नाही. आणि वजन! तू पाईपची हलकी चासी केलीयस त्यात पुढे दोनशे किलोचं ओतीव लोखंड ठेवणार, ब्रेक आणि स्प्रिंग सगळं त्या हिशोबाने परत.

अजून एक, आताचं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची कॉर्कची गॅस्केटं, रबरी नळ्या, सगळं फुगतं नाहीतर चिकट होतं. माझ्या १४८९ चा पंपाचा पडदा एका उन्हाळ्यात गेला, केळशीच्या चढावर गाडी उभी राहिली, तेव्हा सोबत आई होती आणि ऊन मी म्हणत होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या किनाऱ्याला हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत तळाला पाणी धरलंच म्हणून समज.

तुला बाहेर काढून पळवायची आहे की नुसती बघत बसायची आहे ते आधी ठरव.

---

वेंगुर्ल्याचो_फिटर

बाबू, तुका एक सांगतंय, इंजिन उघडल्याबिगर काय्येक ठरव नको. सगळ्यांक कळूक व्हया म्हणून पुढचं मराठीत लिहितो.

माझी चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनांत गेली. व्हॅनगार्ड मी एकच उघडलंय, तेही शिकाऊ असताना, पण वेट लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सुटी नळी, हे आमचं रोजचं काम. या इंजिनाचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्या लायनरातच आहे. साध्या इंजिनात बोअर ब्लॉकमध्येच असतो, झिजला की मोठा करायचा, तीन-चार वेळा झालं की ब्लॉक संपला. यात लायनर सुटा, बाहेरून त्याला पाणी लागतं, खाली ब्लॉकच्या खांद्यावर तो बसतो आणि मधे आठ आकड्यासारखं गॅस्केट असतं, एका गॅस्केटवर दोन लायनर. लायनर झिजला की काढून टाकायचा, नवा घालायचा, ब्लॉक तसाच. म्हणून तर ट्रायम्फवाल्यांना ८३ चं ८६ करून टीआर४ ला २१३८ सीसी करता आलं, ब्लॉक फार बदलावा लागला नाही.

पण तो खालचा खांदा सडला तर पाणी सरळ तेलात. आणि तुझं इंजिन होतं पंपावर, थंड करायला त्याच विहिरीचं पाणी मारलं असणार. म्हणून माझा पहिला प्रश्न हा की विहीर समुद्रापासून किती लांब, आणि मे महिन्यात पाणी गोडां असता की मचूळ? मचूळ असेल तर जीव मुठीत धरून उघड.

उघडायची पद्धत. प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअर ऑईल अर्धं अर्धं ओत आणि आठ दिवस विसरून जा. पट्टीने, टॉमीने जोर काढू नको, तीन बेअरिंगची क्रँक आहे. मग हेड काढ, नट एकदम सोडू नको, बाहेरून मधे थोडे थोडे करत सगळे. हेड निघालं की क्रँक फिरवायच्या आधी लायनर दाबून धरायला पट्ट्या कर, जुन्या हेड स्टडवर जाड वॉशर आणि पाईपचे तुकडे टाकून नट आवळले तरी चालतं. हे विसरलास तर पिस्टन वर येताना लायनर घेऊन येतो, खालचं गॅस्केट फाटतं आणि जे चांगलं होतं तेही तू बिघडवलंस.

मग लायनरवर सरळ पट्टी ठेव आणि फिलर गेज घाल. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते पाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आला पाहिजे. बरोबर पातळीत किंवा खाली असला तर हेड गॅस्केट कधीच धरणार नाही, कितीही भारी आण.

त्यानंतर लायनर काढ, खालून लाकडाचा ठोकळा लावून ठोकायचे, लोखंडाने नाही. आणि चार नंबरच्या मागे बॅटरी मारून बघ. सगळा गाळ तिथे जमतो कारण पाणी तिथे मंद होतं. मी एका इंजिनातून तिथून वाटीभर चिखल काढलाय आणि मालक म्हणत होता की रेडिएटर लहान पडतो.

माका खांद्याचे फोटो धाड, चारही.

---

उद्यमनगर_०९

कोल्हापूरहून लिहितेय. आमचं मशिन शॉप आहे, मुख्य काम व्हॉल्व्ह बॉडी आणि पंपाचे पार्ट, पण वडिलांना जुन्या गाड्यांचा नाद होता त्यामुळे बोअरिंग आणि हेडचं काम अजून घेतो.

दादरच्या दादांनी गिअरबॉक्सचा मुद्दा काढला तो खरा आहे, पण तो सुटणारा आहे. तोच इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स व्हॅनगार्डच्या मागे लावता येईल, मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट करायची. लोक काय करतात की कार्डबोर्डवर भोकं उतरवतात आणि प्लेट कापून मोकळे होतात, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग दर सहा महिन्यांनी जातं आणि गिअर तिसऱ्यातून सुटतो. कारण इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत नसतो. आम्ही प्लेट बसवल्यावर फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेल हाऊसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाचा) बोअर फिरवून बघतो, पाच थाऊच्या आत आलं तरच डॉवेल पिन मारतो. पिन मारल्याशिवाय नुसत्या बोल्टवर ते राहत नाही.

प्लेटची जाडी मनाने ठरवायची नाही. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशमध्ये नीट गेलं पाहिजे पण शाफ्टच्या आट्या (उभे दाते, स्प्लाईन) क्लच प्लेट ओलांडून क्रँकला टेकता कामा नयेत. बुश नवीन बनवायचा, बाहेरचं माप व्हॅनगार्डचं, आतलं इसुझूच्या शाफ्टचं. क्लच प्लेट इसुझूच्या आट्यांची, प्रेशर प्लेटही त्याच सेटची घ्या आणि त्यासाठी फ्लायव्हीलला नवी भोकं मारून ते क्रँकसकट बॅलन्स करून घ्या. आम्ही सहसा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट करतो, हलकी पडते.

आरपीएमचं म्हणाल तर हिशोब करून दाखवते. ५,००० आरपीएमला ९२ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.३ मीटर होतो, इसुझूचा स्ट्रोक ८२, त्याचा १३.७. फरक आहे पण भीती वाटावी असा नाही, क्रँकची क्रॅक टेस्ट करून घेतली असेल तर. आणि हे इंजिन वर फिरवायची गरजच काय? टीआर२ चा सगळ्यात जास्त टॉर्क ३,००० ला आहे. आंबा घाट किंवा कुंभार्ली चढताना असंच इंजिन पाहिजे, गिअर न बदलता ओढणारं. पाच गिअरच्या बॉक्सने अँबॅसडरच्या अ‍ॅक्सलचाही प्रश्न सुटतो. त्या अ‍ॅक्सलचा रेशो भारी गाडी ओढायला ठेवलेला आहे, टीआर२ ला ३.७ होता, त्यामुळे चौथ्यावर तुमचं इंजिन हायवेला उगाच पळत राहिलं असतं, पाचव्यावर ते खाली येईल.

पार्टबद्दल मला दादांचं पटत नाही. आपल्याकडे हे इंजिन दिसत नाही म्हणून त्याला कोणी वाली नाही असं नाही. टीआर२, टीआर३, टीआर४ या सगळ्यांत हाच ब्लॉक थोड्या फरकाने आहे, आणि फर्ग्युसनच्या टीई२० ट्रॅक्टरमध्येसुद्धा स्टँडर्डचं याच घराण्यातलं इंजिन होतं. त्यामुळे इंग्लंडमध्ये लायनर-पिस्टनचे सेट, शेल, आठच्या आकाराची गॅस्केटं आजही नवीन बनतात आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठीचे सेट बऱ्याचदा स्वस्त असतात. मागवण्याआधी लायनरचं खालचं माप, पिस्टनची उंची आणि पिनचं माप व्हर्निअरने घेऊन दुकानदाराला कळवा, फक्त नावावर मागवू नका. ड्युटी धरून खर्च होईल पण एकदाच.

याउलट कोणी तुम्हाला जुनं डॉजचं साईड व्हॉल्व्ह सहा सिलिंडर किंवा असं काही देऊ केलं असतं तर मी नको म्हटलं असतं, ते या बॉनेटखाली लांबीलाच मावलं नसतं.

---

वेंगुर्ल्याचो_फिटर

ताई, सगळं पटलं फक्त प्लेट अ‍ॅल्युमिनियमची नको. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, आणि गाडी राहणार समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यात या दोघांचं जमत नाही, मधे पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आत मरतो, मग तो ड्रिल मारून काढावा लागतो. कोल्हापुरात चालतं, आमच्याकडे नाही. लोखंडी प्लेट कर, दोन्ही बाजूंनी रंग मार, बोल्टला ग्रीस लाव. थोडं वजन वाढलं तर वाढलं.

---

उद्यमनगर_०९

मान्य काका. लोखंडी करू. बेल हाऊसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे तिथे मात्र प्रश्न राहतोच, त्या फेसला सीलंट लावून बसवू.

---

एमएच०८_जुन्या_गाड्या

इंजिनाचं तज्ज्ञ बोलतायत, मी फक्त कागदांचं सांगतो कारण त्यावर कोणी बोललं नाही आणि नंतर हळहळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

घरी बनवलेली गाडी, तिची टाईप अप्रूव्हल (मॉडेलला मिळणारी सरकारी मंजुरी) नाही, त्यामुळे ती नवीन गाडी म्हणून आरटीओत नोंदवता येणार नाही. जुन्या अँबॅसडरच्या आरसी बुकावर ही बॉडी चढवू असं कोणी सुचवेल तर तेही करू नका, मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ माहितीशी विसंगत बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ ला तेच सांगितलंय. जुलै २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, त्यात ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, २०,००० रुपये फी, व्हीए अक्षरांचा नंबर वगैरे, पण त्याला अट आहे की चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात पाहिजे. इंजिन १९५० च्या आसपासचं असलं तरी तुमची चासी लोट्यात वेल्ड केलेली आहे, त्यामुळे ते लागू होत नाही.

म्हणजे खाजगी जागेत चालवा, ट्रेलरवर घालून ट्रॅकवर न्या. कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, तिथे नियमात बसत असेल तर विचारून घ्या. आणि एक, इंजिनाचा नंबर घासू नका, रंगाखाली झाकू नका, आजोबांनी घेतल्याचा काही कागद, पावती, जुना फोटो असेल तर जपून ठेवा.

---

दादर_ते_दापोली

हे वाचून माझा मुद्दा जरा बदलतो. मी रोजच्या रस्त्याचा विचार करत होतो. रस्त्यावर जाणारच नसेल आणि आपल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), ट्रॅकवर चालवायची असेल तर हायवेला शांत असणं वगैरे गौण आहे. माझी गाडी अँबॅसडर म्हणूनच नोंदलेली आहे आणि मी ती आता फार्मवरच फिरवतो, हे आधी सांगायला हवं होतं.

पण वजनाचं मी मागे घेत नाही. इंजिन जेवढं मागे सरकवता येईल तेवढं सरकव, मागचा फायरवॉल कापावा लागला तरी चालेल, बॉडी अजून फायबरची ओली आहे तोवर हे करून टाक.

---

कातळावरचा (गुहागर)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण काकांनी सांगितल्याप्रमाणे आठ दिवस डिझेल घालून ठेवलं होतं आणि मधे पावसाने चार दिवस वीज नव्हती.

आधी कागदांचं. आमच्या घरामागे सडा आहे, कातळाचा, सलग दीडेक किलोमीटर जांभ्याचा रस्ता आमचा स्वतःचा, भावकीची सगळ्यांची हरकत नाही. मी तिथेच चालवणार. रस्त्यावर आणायची नाही हे आता पक्कं, ते वाचून एक दिवस वाईट वाटलं पण खरं कळलं ते बरं.

विहीर समुद्रापासून चारशे पावलांवर. आईला विचारलं, ती म्हणाली एप्रिलनंतर त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. म्हणजे काका तुमचा अंदाज बरोबर होता.

हेड काढलं. सगळे नट सुटले, एक स्टड तुटला, मागून दुसरा. पट्ट्या मारून मग क्रँक फिरवली, दुसऱ्या दिवशी एक चक्कर पूर्ण झाली तेव्हा वडील शेडमध्ये उभे होते, ते काही बोलले नाहीत, फ्लायव्हीलवर हात ठेवून उभे राहिले. ते लहान असताना रोज संध्याकाळी हँडल मारायचं काम त्यांचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मापं: लायनर एक, दोन, तीन वर अडीच ते चार थाऊ, चार नंबर पातळीत, फिलर जातच नाही. बोअर वरच्या बाजूला बराच झिजलाय, रिंगा जिथे उलटतात तिथे नखाला कडा लागते. लायनर काढले. चार नंबरच्या मागे गाळ होता, वाटीभर नाही पण दोन मुठी नक्की, त्यात सुपारीची सालंसुद्धा निघाली. खांदे एक, दोन, तीन स्वच्छ आहेत, बारीक ठिपके आहेत पण नख अडकत नाही. चार नंबरच्या खांद्याला मागच्या बाजूला अंगठ्याच्या रुंदीएवढा भाग खाल्लेला आहे, अंदाजे अर्धा मिमी खोल. फोटो काकांना आणि ताईंना पाठवलेत.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) बघून आश्चर्य वाटलं, चकचकीत आहेत. बहुतेक आजोबा तेल वेळेवर बदलत असावेत.

आता सांगा, चार नंबरच्या खांद्यामुळे हे सोडून द्यायचं का?

---

वेंगुर्ल्याचो_फिटर

बरां झाला उघडलंस ता.

सोडायचं नाही. तीन खांदे चांगले म्हणजे ब्लॉक जिवंत आहे. चार नंबरचा खांदा अर्धा मिमीने खाली फेस करून घ्यायचा, पण नुसता त्या एकाचा केला तर ते गॅस्केट तीन आणि चारला मिळून एक आहे, एक बाजू खाली एक वर असं ते बसणार नाही. म्हणून तीन आणि चार दोन्ही सारखे फेस करायचे आणि जेवढं काढलं तेवढ्या जाडीची तांब्याची चकती खाली घालून वरचं गॅस्केट नेहमीचं. लायनर परत वर चार थाऊ आला पाहिजे, चारही जवळपास सारखे. हे ताईच्या बोअरिंग मशिनवर होईल, हाताने करू नको, कोणी एमरी फिरवून देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठव.

हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घे, निदान एक्झॉस्टच्या. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं, ते आपल्याकडे २००० साली बंद झालं, ओतीव लोखंडाची सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर हळूहळू आत खचत जाते. सड्यावर हळू चालवलीस तर वर्षं निघतील पण हेड उघडलंच आहे तर आत्ताच कर.

आणि यापुढे त्यात विहिरीचं पाणी एक थेंब नाही. कूलंट, आणि ते मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. दर दोन वर्षांनी बदल. हे मी माझ्या ट्रॉलरवाल्यांना सांगून थकलो, तू तरी ऐक.

---

उद्यमनगर_०९

फोटो बघितले, काकांशी सहमत, आमच्याकडे होईल. खांदा फेस करायला लायनरच्या वरच्या बोअरवरून सेंटर घेऊन कटर खाली सोडावा लागतो, त्याची फिक्श्चर वडिलांनी एका जुन्या ऑईल इंजिनसाठी केली होती ती थोडी बदलून चालेल.

बोअर कुठला करायचा ते तुम्ही ठरवा. टीआर२ सारखा ८३ चा सेट घेतला तर तुमची गाडी १९९१ सीसी, म्हणजे आकड्यानेसुद्धा टीआर२. ८६ चा घेतला तर ताकद थोडी जास्त. मी तुमच्या जागी असते तर ८३ घेतला असता, तुम्ही ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप करताय त्याला तोच शोभतो. पण आधी एकाच सोलेक्स कार्बोरेटरवर चालू करा, दोन एसयूचं जुळवणं वेगळं प्रकरण आहे, नवीन इंजिनाला पहिल्या तासात दोन शंका एकदम नकोत.

येताना हे सगळं घेऊन या: ब्लॉक, हेड, क्रँक, फ्लायव्हील, चारही जुने लायनर आणि पिस्टन, इसुझूचा गिअरबॉक्स त्याच्या बेल हाऊसिंग आणि क्लचसकट, स्टार्टर. स्टार्टर विसरू नका, तो प्लेटवर कुठे येतो ते कळल्याशिवाय प्लेटचा ड्रॉइंगच काढता येत नाही. आणि बेअरिंग कॅप एकमेकांत मिसळू देऊ नका, ज्या जागेवरची त्याच जागेवर परत लावा.

---

दादर_ते_दापोली

गिअरबॉक्स माझ्याकडे एक जास्तीचा पडलाय, कॉन्टेसाचा, दुसऱ्याचा सिंक्रो थोडा गेलाय पण बाकी ठीक. तुला देतो, वाहतुकीचा खर्च तुझा. दापोलीला घरी आहे, रविवारी ये, जेवूनच जा.

आणि फ्युएल पंप इलेक्ट्रिक लाव, पण कमी प्रेशरचा, कार्बोरेटरवाला. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घे, पाकिटावर लिहिलेलं असतं, नुसती काळी नळी दिसली म्हणून घेऊ नकोस.

---

कातळावरचा (गुहागर)

ठरलं. ८३ च घेतो. रविवारी दादांकडे दापोलीला, धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे, आणि गणपती झाले की पिकअप करून कुंभार्लीमार्गे कोल्हापूर. होडीवाल्याला सांगितलंय की फायरवॉल मागे घ्यायची आहे, तो म्हणाला किती मागे ते खडूने आखून दे, मी उद्याच कापतो.

वडील म्हणतायत मीही येतो कोल्हापूरला. काका, लायनर नेताना ओले होऊ नयेत म्हणून काय करू, तोपर्यंत पाऊस असणारच.

---

वेंगुर्ल्याचो_फिटर

तेल लाव, वर्तमानपत्रात गुंडाळ, मग प्लास्टिक. आणि बाहेरून पंचाने नंबर घाल, पुढून मागे एक ते चार, आणि पुढची बाजू कुठली त्याची खूण. खडूने नको, पुसली जाते.